दुसरी वेलांटी

माझ्या सुनेचं, मंदाचं प्रेत ओट्यावर ठेवलेलं होतं. चुलीवर पाणी तापलं होतं. तिला अंघोळ घालायला मी पदर खोचला, तांब्या हातात घेतला. तेवढ्यात तिचा भाऊ आला आणि त्यानं माझ्या तोंडासमोर मोबाईल धरला.

मोबाईलमध्ये मीच होते. दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावरचा पदर पडलेली. माझ्या तोंडाभोवती लाल गोल काढला होता. मी बोलत होते, "सुटली बाई एकदाची." खाली पिवळ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सून मेली, सासू म्हणते, सुटले बाई एकदाची!' मागं ढोल वाजत होता. मग मी परत तेच बोलले. मग परत. तीन वेळा. मी बोलले होते एकदाच.

"वाच," तिचा भाऊ म्हणाला. "तुला वाचता येतं ना? वाच मोठ्यानं."

मी मनात वाचलं.

"तांब्या खाली ठेव. माज्या बहिनीला तुजा हात लागू द्यायचा न्हाई."

तोपर्यंत तो मला मावशी म्हणायचा. अहो-जाहो करायचा.

मी तांब्या खाली ठेवला. वाडीतल्या बायका भोवती उभ्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी ते आधीच बघितलेलं होतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. शेजारची हौसा पुढं आली, तिनं तांब्या उचलला. माझ्याकडे न बघता उचलला. दोन वर्षं मंदाला मीच अंघोळ घालत होते. उठता येत नव्हतं तेव्हा खाटेवर पुसून काढत होते. शेवटची तेवढी घातली नाही.

माझी नात पूजा जीपच्या दाराशी उभी होती. आश्रमशाळेतून मामानं तिला आणलं होतं. अंगावर शाळेचाच ड्रेस. ती आईकडे गेली. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली, पण माझ्याकडे आली नाही. जीपमध्ये तिनं ते बघितलं होतं. सगळ्यांबरोबर, एकाच मोबाईलवर.

मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, एवढं कळत होतं. पण आत काही हललं नाही. दात काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. अजून तसंच आहे.

मंदा माझ्या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माझा मुलगा घाटात जीप उलटून गेला तेव्हा पूजा चार वर्षांची. मंदाचा भाऊ तिला न्यायला आला होता. मंदा म्हणाली, "मी न्हाई येत. आत्या एकटी पडंल." मला ती आत्या म्हणायची. त्यानंतर दहा वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर जेवलो. आम्ही भांडलोही. मीठ कमी पडलं म्हणून भांडलो, शेळी सुटली म्हणून भांडलो. एकदा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. खोटं कशाला सांगू. आमचं काही मायलेकीसारखं नव्हतं. पण तिनं मला सोडलं नाही आणि मी तिला सोडलं नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा संगमनेरला न्यायचं, मशीनवर झोपवायचं, परत आणायचं. वाडीपासून राजूरपर्यंत माणसं कोंबून नेणारी वडापची जीप, पुढं एसटी. येताना तिचं डोकं माझ्या मांडीवर. पाणी मोजून प्यायचं असतं त्या आजारात. उन्हाळ्यात ती माझ्याकडे बघायची आणि मी नाही म्हणायचे. दोन वर्षं मी तिला पाणी नाही म्हणत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी तिची धाप थांबेना. अंग फुगलं होतं. हौसाच्या मुलीनं आबांच्या गाडीला फोन लावला. आबा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांनी मोफत रुग्णवाहिका ठेवलेली आहे. पांढरी गाडी, दोन्ही अंगांना आबांचा फोटो, हात जोडलेला. नंबर आमच्या वाडीत समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवलेला आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "आज गाडी न्हाई मिळायची. आबांचा वाढदिवस हाय. गाडी मिरवणुकीत हाय, फुलं बांधल्यात. दुपारनंतर बघू."

मी म्हणाले, "दुपारपर्यंत ती ऱ्हायची न्हाई."

"मग दुसरं बघा, आजी."

आम्ही वडापच्या जीपनं निघालो. जीपवाला चांगला, त्यानं माणसं भरायची वाट बघितली नाही. पण रस्ता तो रस्ता. दवाखान्याच्या फाटकातून आत वळताना मंदाचा हात माझ्या हातात जड झाला. डॉक्टरनं बघितलं आणि पांढरं फडकं वर ओढलं.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. आबांच्या वाढदिवसाचं फळवाटप होतं. खाटेखाटेवर केळी आणि सफरचंद ठेवत होते आणि फोटो काढत होते. मंदाला स्ट्रेचरवरून काढायच्या आत एकानं तिच्या पायाशीही दोन केळी ठेवली. त्याला माहीत नव्हतं. मी ती उचलून खिडकीत ठेवली.

फळवाटपाचं चित्रण करायला संकेत आला होता. आबांचा भाचा. त्याचं मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल आहे. हातात माईक, माईकला चौकोनी रंगीत डबी, डबीवर चॅनेलचं नाव. गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'संपादक'. तालुक्यात सगळे त्याला पत्रकार म्हणतात. शिपाईसुद्धा खुर्ची देतो.

मी बाहेर भिंतीला टेकून बसले होते. त्यानं माईक माझ्या हनुवटीला लावला. "आजी, कोण गेलं? काय वाटतंय?"

मी सगळं सांगितलं. हे मी नीट लिहिते, कारण हेच कुठं राहिलेलं नाही. मी म्हणाले, "माजी सून. गाडी मागितली, गाडी आली न्हाई. गाडी मिरवणुकीत हुती. वेळेत आनली आसती तर जगली आसती का न्हाई, ते मला म्हाईत न्हाई. पर गाडी आली न्हाई." मग मी थांबले. तो म्हणाला, "अजून काय सांगाल?" मी म्हणाले, "काय सांगू. सुटली बाई एकदाची. लई सोसलं तिनं."

एवढंच. तो उठला, पँट झटकली आणि आत गेला. मला वाटलं, गाडीचं सगळ्यांना कळेल. तसं वाटलं म्हणून तर मी बोलले. नाहीतर प्रेत आत पडलेलं असताना बाई कशाला बोलेल?

मंदाला घेऊन आम्ही घरी पोचायच्या आत त्यानं ते लावलं होतं. मिरवणूक गेली. गाडी गेली. 'लई सोसलं तिनं' तेही गेलं. राहिले तीन शब्द. त्यातलाही एक बदलला.

मी चौथीपर्यंत शिकले. मला मास्तरांनी शिकवलं. 'ली'ला दुसरी वेलांटी. 'ले'ला मात्रा. सुटली म्हणजे ती सुटली. सुटले म्हणजे मी सुटले. पाटीवर काढलं तर बोटभर फरक. मास्तर त्या बोटभर फरकासाठी छडी मारायचे.

आमच्या वाडीत बाई स्वतःबद्दलही 'मी गेली, मी आली' म्हणते. मीही तशीच बोलते. लिहिताना 'गेले, आले' लिहिते, कारण मास्तरांनी तसं लिहायला लावलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिले आठ दिवस मला बाहेर काय चाललंय ते कळलं नाही. घरात सुतक. हौसाची मुलगी एकदा येऊन सांगून गेली, "आजी, लई लोकांनी बघितलं. पुन्यामुंबैपर्यंत गेलं." मी विचारलं, "लोक काय म्हनत्यात?" मी तिच्या हातातून मोबाईल घेतला. तिनं दिला. मला मराठी वाचता येतं, हे लोक विसरतात.

एकानं लिहिलं होतं, या म्हातारीला फाशी द्या. एकानं, हिनंच मारली असेल, चौकशी करा. एका बाईनं लिहिलं होतं, माझी सासू अशीच आहे, आणि पुढं रडणारी तोंडं. त्या बाईचं मला काही वाईट वाटलं नाही. तिची सासू असेल तशी. पुष्कळ जणांनी नुसती हसणारी तोंडं टाकली होती. एकाच्याखाली एक, ओळीनं, जसं भाताचं रोप लावतात. मी बोटानं खाली खाली सरकवत राहिले. सगळ्यांची नावं होती, फोटो होते. कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणी देवळासमोर उभा. माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

गाडीबद्दल एकानंही लिहिलं नव्हतं. ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांचा त्यात दोष काय? त्यांना जेवढं दाखवलं तेवढ्यावर ते बोलले. पण बोलायची घाई केवढी.

राजूरच्या बाजाराला मी नवव्या दिवशी गेले. दहाव्याला तांदूळ, गूळ लागणार होता. लोक म्हणाले, जाऊ नको. मी म्हणाले, मग कोन आनून देनार?

किराणाच्या दुकानापाशी तीन बायका थांबल्या. बाहेरगावच्या, धरण बघायला आलेल्या, चांगल्या घरच्या. एकीनं दुसरीला ढोसलं. "अगं तीच. तीच आहे." मग ती माझ्याजवळ आली. हसत होती, वाईट बाई दिसत नव्हती. "आजी, तुम्हीच ना त्या? सुटले बाईवाल्या? एक सेल्फी घेऊ? आणि एकदा बोलून दाखवा ना ते. प्लीज. माझ्या सासूला पाठवायचंय."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोबाईल वर धरला. त्यात माझं तोंड आणि तिचं तोंड शेजारी शेजारी. तिला वाटत होतं, ती मला मान देतेय.

मी म्हणाले, "माजी सून मेली हाय."

"हो ना, माहितेय," ती म्हणाली. आणि तिनं बटण दाबलं.

दुकानदार हसला. मला ओळखणारा, तीस वर्षांचा ओळखीचा. गूळ तोलता तोलता म्हणाला, "म्हातारे, तू तर फेमस झाली. आमाला कोनी विचारत न्हाई."

मी गूळ घेतला आणि आले. जीपमध्ये मागं कोणीतरी तेच लावलं होतं, त्याला गाणं जोडलेलं. माझा आवाज वर-खाली होत होता, सुरात. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. स्वतःचा आवाज असा दुसऱ्याच्या खिशातून येतो तेव्हा तो आपला वाटत नाही. शेळीचा वाटतो, कोणाचाही वाटतो.

त्या जीपमध्ये मला मास्तर आठवले.

मास्तर शाळेत शिकवायचे आणि तालुक्याच्या पेपरात बातम्याही द्यायचे. त्यांना वार्ताहर म्हणत. मास्तर देव नव्हते. पहिली दहा वर्षं त्यांनी आमच्या वाडीत पाणी प्यायलं नाही. ठेकेदाराविरुद्ध त्यांनी कधी अक्षर लिहिलं नाही, कारण ठेकेदार त्यांचा मेहुणा. हे मी विसरलेले नाही.

पण एकदा असं झालं. मी नवी लग्न झालेली, रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचे. सुरुंगाचा दगड उडाला आणि आमच्यातल्या एकीचा पाय गेला. बाकीच्या आम्ही काम बंद करून बसलो. तीन दिवस बसलो. मुकादम येऊन दम देऊन गेला, आम्ही हललो नाही. मास्तर आले. वही काढली, पेन्सिल काढली. मी बोलले ते त्यांनी लिहिलं आणि मग म्हणाले, "आता ऐक. चुकलं असेल तर सांग." त्यांनी वाचलं. मी म्हणाले, मुकादम आठला न्हाई, नऊला आला हुता. त्यांनी खोडलं आणि नऊ लिहिलं. परत वाचलं.

पेपर आला तेव्हा त्यात छापलं होतं, 'आम्ही मुकादमाला घाबरलो.' 'नाही' हा शब्द गळाला होता. वाडीतले पुरुष हसले. मुकादम तर पेपर खिशात घालून फिरत होता.

मी काही मास्तरांकडे गेले नाही. माझी हिंमत नव्हती. तेच आले. राजूरहून आमच्या वाडीपर्यंत चालत, उन्हाचे, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी 'नाही' लिहिलं होतं. छापणाऱ्यानं गाळलं. पण बातमी माझी, म्हणजे चूक माझी." पुढच्या अंकात त्याच पानावर दोन ओळी आल्या, 'मागील अंकात चुकून असे छापले गेले, ते असे वाचावे.' आमच्या नावानिशी.

त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचं पाणी प्यायलं. तहान लागली होती म्हणून प्याले असतील.

मी म्हणत नाही, तेव्हा सगळं चांगलं होतं. तेव्हा आमची बातमी वर्षातून एकदा यायची, आणि आली तरी आमच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हती. आता आमच्या वाडीतली पोरगी रस्त्याचा खड्डा मोबाईलवर काढते आणि चार दिवसांत खडी पडते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो मोबाईल काही वाईट नाही. पण मास्तरांना माहीत होतं की मी कुठं राहते, आणि मला माहीत होतं की ते कुठं राहतात. चुकलं तर तोंड दाखवायला लागायचं. एवढाच धाक होता. आता तो नाही.

दहावा झाला. मंदाच्या भावानंच सगळं केलं. मी लांब बसले. घाटावरून उठताना त्यानं सांगितलं, "पूजा आता आमच्याकडं ऱ्हाईल. सुट्टीला तुज्याकडं यायची न्हाई." पूजा दगडावर बसून पायानं वाळू ओढत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं वर बघितलं नाही.

तेव्हा मला कळलं की माझं काय जाणार आहे. फाशी द्या म्हणणारे जाऊ देत. बाजार जाऊ दे. चौदा वर्षांची एक पोर आयुष्यभर असं समजून राहील की तिची आई मेली तेव्हा तिची आजी खूश झाली. तिला एक वेलांटी कोण सांगणार?

दोन दिवसांनी संकेत आला. एकटा नाही, दुसरा एक बरोबर, मोबाईलची तिपाई धरायला. त्यांनी अंगणात खुर्ची टाकली, आमचीच. मला म्हणाले, इथं बसा, उजेड चांगला आहे.

"आजी, टेन्शन घेऊ नका," संकेत म्हणाला. "लोकांना आता तुमची बाजू ऐकायचीय. जबरदस्त रिस्पॉन्स आहे. दोन मिनिटं बोलायचं. सुनेवर माझं प्रेम होतं, माझ्या तोंडून चुकून गेलं, मला माफ करा. रडू आलं तर थांबवू नका, येऊ द्या."

मी विचारलं, "काय चुकून गेलं?"

"ते सुटले."

"मी सुटली म्हनली."

"तेच ते."

"ते न्हाई ते. सुटली म्हंजी ती. सुटले म्हंजी मी."

तो हसला. बरोबरच्याकडे बघितलं. मग मला समजावायला लागला, लहान पोराला सांगतात तसं. "आजी, तुमच्याकडं बायका मी आली, मी गेली असंच बोलतात ना?"

"व्हय."

"मग? तुम्ही सुटली म्हणालात, म्हणजे मी सुटले. वाचणाऱ्याला तुमची भाषा कळत नाही. मी फक्त शुद्ध केलं."

शुद्ध केलं. हा शब्द त्यानं वापरला. मी तो जसाच्या तसा लिहिते.

मी म्हणाले, "मग त्याच्याम्होरं काय म्हनली मी? लई सोसलं तिनं. ते मी माज्याबद्दल म्हनली का?"

तो माईकची डबी पुसायला लागला.

"आन् गाडीचं काय झालं?"

"कसली गाडी?"

"तुज्या मामाची."

आता त्याचं तोंड बदललं. "हे बघा आजी, तो विषय वेगळा आहे."

"समदं दाखव. पैल्यापासून. मी बोलली तेवढं समदं लाव, मग मी बशीन खुर्चीवर."

"ते नाही आता. मोबाईलमध्ये जागा लागते. उडवलं."

मंदाला जिवंत असताना गाडी मिळाली नाही, हे मी एकदाच सांगितलं होतं आणि ते एकाच ठिकाणी राहिलं होतं. ते त्यानं उडवलं. माशी हाकलल्यासारखा हात केला बोलताना.

मला राग आला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग यायला आत काहीतरी लागतं. मी एवढंच म्हणाले, "वही हाय का तुज्याकडं?"

"वही?"

"मी बोलते ते लिही. मग वाचून दाखव. मग मी बोलीन त्याच्यात."

दोघंही हसले. "आता कोण लिहितं, आजी?" तिपाईवाला म्हणाला, "बोला की नुसतं. आम्ही बघतो नंतर."

आम्ही बघतो नंतर. हेच तर.

मी म्हणाले, "न्हाई."

"काय नाही?"

"बोलनार न्हाई. माफी मागनार न्हाई. खुर्ची माजी हाय, उठा."

संकेत म्हणाला, "आजी, मी चांगल्यासाठी आलो होतो. नाही बोललात तर लोक म्हणतील, खरंच होतं."

"म्हनू दे."

मी खुर्ची उचलून घरात नेली. त्यांनी तेही काढलं. संध्याकाळी ते लागलं होतं, 'त्या सासूचा माज उतरेना, पत्रकाराला हाकललं.' हौसाच्या मुलीनं दाखवलं. त्यात मी खुर्ची घेऊन वाकून आत जाते, पाठमोरी. बरं काढलं होतं. त्यात एक शब्दही बदलता आला नाही, कारण मी त्यात बोलतच नाही.

त्यानंतर मी हे लिहायला बसले. पूजाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती. अक्षर आधी नीट येईना. कितीतरी वर्षांनी पेन्सिल धरली होती. पहिलं पान भरायला चार दिवस लागले. मंदाच्या मरणाचं सगळं लिहिलं, गाडीपासून फळांपर्यंत.

आश्रमशाळेत महिन्यातून एकदा पालकांना भेटू देतात. मी गेले. पूजा फाटकाशी आली. तिला वाटलं असेल, मामा आलाय. मला बघून परत वळली नाही, एवढं केलं तिनं.

आम्ही शाळेच्या कट्ट्यावर बसलो. मी म्हणाले, "मी काय सांगत न्हाई. वाचून दाखवते. तू ऐक." मी वाचलं. हळू वाचलं, अडखळत. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. सुटलीची वेलांटी मी तिला बोटानं दाखवली. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे, तिला दाखवायला लागत नाही. तरी दाखवली.

वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, "आजी, मग एकदाची का म्हणालीस?"

हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एवढ्या लोकांनी लिहिलं, त्यातल्या एकानंही नाही.

मी खोटं बोलू शकत होते. ती लेकरू आहे. पण मी वाचून दाखवायला गेले होते, गोड बोलायला नाही. मी म्हणाले, "मी बी थकली हुती. दोन वरसं. तिला पानी न्हाई म्हनून म्हनून थकली हुती. ती गेली तवा माजं अंग हलकं झालं, ह्ये खरं हाय. पर त्ये मी बोलली न्हाई. मी तिच्याबद्दल बोलली. माज्या पोटात काय हाय त्ये मी सांगायचं. त्येनं न्हाई."

मैदानात पोरी पाण्यासाठी रांगेत उभ्या होत्या. मी वही तिच्यासमोर धरली. तिनं हातात घेतली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग परत दिली.

"मामा ओरडेल," ती म्हणाली.

आणि ती गेली. घंटा झाली होती. तिचं माझ्याबद्दल काय ठरलं, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. पुढच्या महिन्यात परत जाईन. ती आली तर बसेन, नाही आली तर फाटकाशी बसून येईन.

आता पुढचं मी ठरवलंय. वाडीत परवा ग्रामसभा आहे, समाजमंदिरात. त्याच भिंतीच्या आत, जिच्यावर आबांच्या गाडीचा नंबर रंगवलाय. मी तिथं ही वही वाचणार आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आबांची माणसं असतील, असू देत. संकेत माईक घेऊन येईल, येऊ दे, मी त्याच्या माईकमध्ये बोलणार नाही. ग्रामसेवकाला मी सांगणार आहे, हे सभेच्या वहीत उतरवून घ्या. गाडी मागितली, गाडी आली नाही, गाडी मिरवणुकीत होती. आणि उतरवून झालं की मला मोठ्यानं वाचून दाखवा. वेलांटी चुकली तर मी परत लिहायला लावीन. दहादा लावीन. माझं सगळं बरोबर आहे असं दिसल्यावरच मी खाली सही करीन. अंगठा नाही. सही.

हौसा म्हणते, असं केलंस तर तुला वाडीत कोणी उभं करायचं नाही. मी तिला म्हणाले, तांब्या काढून घेतला तवा कोन उबं हुतं?

ती सुटली. दुसरी वेलांटी. मी सुटले नाही.

मी मंदाची सासू. ठाकरवाडीची. चौथी पास. हे माझ्यावरून गेलं आणि हे मी लिहिलं.